दहा मीटरवरचा एक मिलिमीटर : प्रस्तावना

माझ्याकडे सराव करणाऱ्या एका मुलाला घरच्यांनी कर्ज काढून नवी एअर रायफल घेऊन दिली. क्लबच्या जुन्या रायफलवर तो साठ शॉटमध्ये ६२० पर्यंत पोचायचा. नवी हातात आली आणि पंधरवड्यात तो ६१२ वर उतरला. मी त्याची उभं राहण्याची ढब बदलली, डाव्या कोपराची जागा बदलली, श्वास कुठे थांबवायचा तेही बदललं. दोन महिने तो मुलगा मान खाली घालून मी सांगेन ते करत राहिला. मग एका सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी त्याची रायफल बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळली आणि त्याच्याच डब्यातले दहा छर्रे सोडले. कार्डावर वाटाण्याएवढं वेडंवाकडं भगदाड पडलं. शेजारच्या मुलीच्या डब्यातले दहा छर्रे त्याच रायफलमधून सोडले, तर दहाही एकाच गोल भोकातून गेले. रायफल चांगली होती, मुलगाही चांगला होता. त्या डब्यातले छर्रे त्या नळीला मानवत नव्हते, एवढंच. दोन महिने मी चुकीच्या जागी दुरुस्ती करत होतो, आणि तिची किंमत त्या मुलाच्या आत्मविश्वासाने मोजली.

हे पुस्तक मी त्याच वर्षी लिहायला हवं होतं. नवी एअर रायफल हातात आली की तिचा जोर, तिचा छर्रा आणि तिचा नेम यांची जुळणी कशी लावायची, एवढाच त्याचा विषय आहे. नेमबाजी शिकवणारी पुस्तकं पवित्र्याने सुरू होतात, मनाच्या एकाग्रतेवर संपतात. त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण रायफल स्वतःच किती चुकते हे मोजल्याशिवाय हात किती चुकतो ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय दिलेली शिकवण अंदाजपंचे असते. जत्रेत फुगा चुकला की आपण चटकन म्हणतो, बंदूकच वाकडी आहे. रेंजवर मात्र दोन-तीन लाखांची रायफल असली की तिच्यावर संशय घ्यायला जीभ उचलत नाही, आणि दोष समोर उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या किंवा पोरीच्या माथी जातो. हे थांबायला हवं.

आधी लक्ष्याचं माप डोळ्यांसमोर आणा. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नवाचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं, आणि त्यापुढे प्रत्येक वर्तुळ पाच-पाच मिलिमीटरने मोठं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. छऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं तर दहा. त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग पडतात : १०.० पासून १०.९ पर्यंत. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदकाचा शेवटचा शॉट १०.८ मारला, तेव्हा त्याच्या छऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होतं.

पूर्वी प्राथमिक फेरीत हे दशांश मोजत नसत. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले, तेव्हा प्रत्येक दहा हा नुसता दहा होता. काठावरचा १०.० आणि मधोमध बसलेला १०.९ यांना सारखाच मान होता. त्यांच्या त्या चाळीस शॉटचं मोल यामुळे कमी होत नाही. चाळीस वेळा अडीच मिलिमीटरच्या आत राहणं म्हणजे काय ते उभं राहून पाहणाऱ्यालाच कळतं. पण २०१३ पासून प्राथमिक फेरीतही दशांश धरले जाऊ लागले आणि सगळा हिशेबच बदलला. आता साठ शॉटचे पूर्ण गुण ६५४. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पंवार आणि ऐश्वर्य तोमर या तिघांनी मिळून १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. शॉटमागे भागून पाहा, साधारण १०.५ येतात. म्हणजे सरासरी छर्रा केंद्रापासून एक-सव्वा मिलिमीटरच्या आत. जिथे माणूस एक मिलिमीटरवर उभा आहे, तिथे रायफल आणि छर्रा मिळून अर्धा मिलिमीटर खात असतील तर तो अर्धा मिलिमीटर कोणत्याही ध्यानधारणेने परत मिळत नाही.

आता जोराबद्दल. पालक नवी रायफल घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास हाच : ‘सर, हिचा जोर वाढवता येतो ना?’ येतो. स्पर्धेच्या बहुतेक रायफलींत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की छर्रा जरा वेगाने सुटतो. पण हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. ५३ सेंटिग्रॅमचा, म्हणजे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटतो, तेव्हा त्याच्यात साधारण साडेसात जूल ऊर्जा असते. दहा मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचे सहा शतांश भाग लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १८० केला तर १५ मिलिमीटर येईल. हे दोन मिलिमीटर साइटच्या काही क्लिकनी भरून निघतात. त्यासाठी रायफलला हात लावायची गरज नाही.

नुकसान करतो तो वेगातला चढउतार. एक छर्रा १७० ने सुटला आणि पुढचा १६५ ने, तर दुसरा सुमारे एक मिलिमीटर खाली लागतो. ढोबळ हिशेब आहे, हवेचा विरोध त्यात धरलेला नाही, पण दिशा पक्की आहे. एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश गुण. नेमबाजाने दोन्ही शॉट अगदी सारखे सोडले असले तरी एक १०.६ लागेल आणि दुसरा १०.२. त्याला वाटेल ट्रिगर झटकला. कोच म्हणेल ट्रिगर झटकला. दोघंही प्रामाणिक आणि दोघंही चूक. म्हणून या पुस्तकात पहिलं उपकरण क्रोनोग्राफ आहे, छर्रा किती वेगाने सुटला ते सांगणारं यंत्र. वेग किती आहे हे त्याला विचारू नका. दहा शॉटमध्ये वेग किती हलला ते विचारा. चांगल्या रायफलमध्ये दहा शॉट दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात बसतात. बसत असतील तर तो स्क्रू तसाच राहू द्या. कारखान्यातून येणाऱ्या चांगल्या रायफलबरोबर तिथे मारलेलं चाचणीचं कार्ड येतं. ज्यांनी ती बनवली त्यांनी त्याच वेगावर ते कार्ड मारलेलं असतं.

बसत नसतील तर कारण शोधावं लागतं, आणि त्यासाठी रायफलच्या पोटात काय चालतं हे माहीत हवं. सिलिंडरमध्ये हवा २०० बारच्या दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात सव्वादोन बार असतो, म्हणजे हा दाब त्याच्या जवळजवळ नव्वदपट. ही हवा थेट छऱ्यामागे सोडत नाहीत. मध्ये रेग्युलेटर असतो, तो दाब उतरवून एका लहानशा कोठीत ठरावीक हवा भरून ठेवतो. ट्रिगर दाबला की हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि कोठीतली हवा छऱ्याला ढकलते. सिलिंडर भरलेला असो की निम्मा, कोठीतला दाब सारखा राहावा, हेच रेग्युलेटरचं काम. तो नीट चालत असेल तोवर सिलिंडरच्या काट्याकडे पाहून काळजी करण्याचं कारण नाही. तो बिघडला की वेग डोलू लागतो. रायफल रात्रभर पडून असली की पहिला शॉट वेगळा लागतो, अशी तक्रार कुणी केली तर मी आधी रेग्युलेटरवरच संशय घेतो.

आपल्याकडे रेग्युलेटर बिघडायचं एक कारण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, ते म्हणजे आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा ओली असते. ती दाबून सिलिंडरमध्ये भरली की तिच्यातलं पाणी आत उतरतं, झडपांवर बसतं, गंज आणि बारीक कचरा तयार करतं. हातपंपाने भरणाऱ्यांनी तर पंपावर हवा कोरडी करणारा फिल्टर लावल्याशिवाय या दिवसांत भरूच नये. कॉम्प्रेसर असेल तर त्याचा पाण्याचा नळ वेळच्या वेळी सोडावा. हवा सावकाश भरावी. घाई केली की सिलिंडर तापतो, काटा खोटा दाब दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. मुदत टळलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो वापरू नये याचं खरं कारण नियमाहून मोठं आहे : २०० बारचं भांडं फुटलं तर ते बॉम्बसारखं फुटतं. रेग्युलेटर घरी उघडू नका. यूट्यूबवर कुणी उघडून दाखवला असला तरीही नाही.

छऱ्यावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण तिथेच सर्वांत जास्त मिळतं आणि तिथेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. छऱ्याचा आकार डमरूसारखा : पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे परकरासारखा पोकळ घेर. डोकं सपाट असतं ते कागदात स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. नळीतल्या आट्या डोक्याला धरतात आणि छऱ्याला फिरकी देतात. मागून हवा आली की परकर फुगतो, नळीला घट्ट टेकतो, हवा निसटू देत नाही. शिसं मऊ असल्यामुळे हे सगळं जमतं, आणि मऊ असल्यामुळेच ते बिघडतंही. डबा एकदा हातातून पडला की आतल्या कित्येक छऱ्यांचे परकर चेपतात. वरून पाहून कळत नाही, कार्डावर कळतं. म्हणून वरच्या दर्जाचे छर्रे अंड्यांच्या ट्रेसारख्या खाचांच्या पेटीत, एकेक वेगळा ठेवून विकतात.

डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं डब्यावर लिहिलेलं असतं. दोन मापांतला फरक एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, माणसाच्या केसाच्या जाडीच्याही सात-आठ भागांपैकी एक. एवढ्याने काय होणार, असं मलाही वाटायचं. होतं. प्रत्येक नळी आतून किंचित वेगळी असते, अगदी एकाच कारखान्यातल्या एकापाठोपाठच्या क्रमांकांच्या दोन नळ्यासुद्धा. एकीला ४.५० आवडतो, दुसरीला ४.४९. कोणता आवडेल हे नळीकडे पाहून किंवा किंमत पाहून सांगता येत नाही. सगळ्यांत महागडा छर्रा तुमच्या नळीला नकोसा असू शकतो आणि मधल्या किमतीचा मानवू शकतो. कंपनी एच अँड एन असो, आरडब्ल्यूएस असो, जेएसबी असो, नावाने निवड करता येत नाही. त्याहून महत्त्वाचा लॉट. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा छर्रा दुसऱ्या साच्यातून निघाला की तो वेगळा छर्रा झाला. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या डब्यावरचं नाव आणि माप शेजारच्या मुलीच्या डब्यासारखंच होतं. लॉटचा क्रमांक वेगळा होता, आणि तो मी दोन महिने वाचला नव्हता.

म्हणून मोठे नेमबाज जर्मनीतल्या छर्रे बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत रायफलची नळी घेऊन जातात, तिथल्या व्हाइसवर एकामागून एक लॉट लावून पाहतात आणि जो जुळला त्याचे हजारो छर्रे एकदम विकत घेतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला हे परवडणार नाही. पण त्यामागची पद्धत घरच्या रेंजवर करता येते, आणि ती कशी करायची ते पुस्तकाच्या मधल्या भागात सविस्तर आहे. इथे फक्त जिथे लोक चुकतात तेवढं सांगतो.

पाच छऱ्यांच्या एका ग्रुपवरून, म्हणजे कार्डावर त्यांनी पाडलेल्या भोकांच्या पुंजक्यावरून, निवाडा करू नका. एकाच डब्यातले पाच-पाच छर्रे मी एकाच सकाळी मारून पाहिलेत. एक ग्रुप बाहेरून मोजला तर साडेपाच मिलिमीटर, पुढचा साडेसहा. दोन्हींत रायफल तीच, छर्रा तोच, फक्त योगायोग वेगळा. दहा-दहाचे निदान पाच ग्रुप मारा आणि सगळ्यांत चांगला नको, सगळ्यांची सरासरी बघा. छर्रा बदलला की आधी दहा-पंधरा छर्रे वाया घालवा, नळीत आधीच्या छऱ्याचं शिसं बसलेलं असतं, ते निघून नवं बसायला तेवढे लागतात. नळी साफ केल्यावरही तसंच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आज छर्रा बदलला, जोरही वाढवला आणि स्टॉकचे स्क्रूही आवळले, तर ग्रुप सुधारला तरी कशाने सुधारला हे कधीच कळणार नाही, आणि उद्या तो बिघडला तर परत कुठे जायचं तेही कळणार नाही. छऱ्यांचं एकेकाचं वजन करून वर्गवारी करणारे मला भेटतात. त्यांच्या चिकाटीचा मला आदर आहे, पण तेवढा वेळ त्यांनी दुसरा लॉट तपासण्यात घालवला तर जास्त हाती लागेल, असा माझा अनुभव आहे.

स्टॉकच्या स्क्रूंचा उल्लेख आला म्हणून : नवी रायफल खोक्यातून काढल्यावर सर्वांत आधी ते तपासा. नळी आणि यंत्र लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला धरून ठेवणारे हे दोन बोल्ट सैल असतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. किती आवळायचे याचा आकडा रायफलच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि तेवढा जोर मोजणारा पाना क्लबात एक तरी असावा.

स्प्रिंगच्या रायफलवर शिकणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. आपल्या गावागावांतली बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात, आणि राष्ट्रीय नियमांखाली उघड्या साइटच्या स्पर्धाही होतात, त्यामुळे या रायफलीकडे कमीपणाने पाहण्याचं कारण नाही. तिच्यात हवा साठवलेली नसते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा सुटतो. तो बाहेर पडायच्या आतच रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका देऊन मोकळी होते. म्हणून ती आवळून धरणाऱ्याचा ग्रुप पसरतो. तिला तळहातावर नुसती टेकवून, जणू झोपलेलं मूल धरावं तशी, दर वेळी त्याच जागी ठेवावी लागते. नवी असताना आत कारखान्याचं तेल जास्त असतं. ते दाबाच्या उष्णतेने पेटतं, धूर येतो, आवाज मोठा होतो आणि वेग वाटेल तसा उडतो. पोरांना त्या आवाजाने वाटतं की रायफल जोरदार आहे. ती आजारी असते. दोन-तीनशे छर्रे जाऊ द्या, तेल जळून जाऊ द्या, मग मोजायला बसा, आणि वरून आणखी तेल घालू नका.

जोर वाढवण्याच्या हौसेला कायद्याचीही एक मर्यादा आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी किंवा ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल या रेषेच्या खूप खाली असते आणि तिला वर जाण्याचं काही कारण नाही. ज्यांना जोर हवा असतो त्यांच्या मनात पुष्कळदा कार्ड नसतं, झाडावरचा होला किंवा बांधावरचा तितर असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, आणि हे पुस्तक त्या कामासाठी लिहिलेलं नाही. ज्या मुलाला रायफल देणार त्याला हे घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी सांगावं.

हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजवर रोज उभी राहणारी मुलं कमी होती. त्यांना चांगले कोच आहेत, यंत्रं आहेत. होती ती राधानगरीसारख्या तालुक्यातून येणारी मुलं. तिथल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवल्यापासून जिल्ह्या-जिल्ह्यांत शाळेच्या सभागृहात, पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटर मोजून रेंज उभ्या राहिल्या आहेत. या मुलांची वाट जिल्हा, राज्य आणि मग मावळंकर स्पर्धा अशी जाते. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा आहे ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष, आणि त्यांचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचं. त्या स्पर्धेच्या दारात दोन-तीन गुणांनी अडकलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. साठ शॉटमध्ये तीन गुण म्हणजे शॉटमागे अर्धा दशांश, मिलिमीटरचा आठवा भाग. तो भाग छऱ्याच्या योग्य लॉटमध्ये सापडू शकतो.

म्हणून क्लब चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक क्लबात बाकाला घट्ट बसवलेला एक व्हाइस आणि एक क्रोनोग्राफ ठेवा. दोन्हींचा खर्च मिळून एका रायफलच्या किमतीपुढे किरकोळ आहे. मुलांनी सुटे डबे आणण्यापेक्षा चार-पाच लॉटचे एकेक डबे मागवून सर्वांच्या रायफलवर लावून पाहा आणि जो जुळेल तो लॉट हंगामभरासाठी एकत्र घ्या. प्रत्येक रायफलची एक वही ठेवा : नळीचा क्रमांक, छऱ्याचं नाव, माप, लॉट, वेग, ग्रुप, तारीख, आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन. मुलाचे गुण घसरले तर त्याला हाक मारण्याआधी ती वही उघडा.

आणि रेंजवरून उठल्यावर, डबा खायच्या आधी, मुलांचे हात साबणाने धुवून घ्या. छर्रे शिशाचे असतात.